दुखण्याच्या अलीकडे

मराठीत आरोग्यावरच्या पुस्तकांना तोटा नाही. त्यांतली पुष्कळशी एकाच पहाटेने सुरू होतात : लवकर उठा, कोमट पाणी प्या, पाऊण तास झपझप चाला, न्याहारीला मोड आलेली कडधान्यं घ्या, मन शांत ठेवा. सल्ल्यात खोट काहीच नाही. फक्त धुळ्यातल्या एखाद्या गल्लीत पहाटे उठलेल्या बाईच्या हातात त्या वेळी पाण्याचा पाईप असतो, कारण कित्येक दिवसांनी नळ आलेले असतात आणि तासाभरात पुढच्या आठवड्याची बेगमी करायची असते. रावेर-यावलकडचा मजूर केळीच्या कापणीला निघालेला असतो. दिवसभर बागेतून घड वाहणाऱ्या त्या माणसाला पाऊण तास चालायचा उपदेश करणं ही थट्टाच. आणि भुसावळच्या रेल्वे यार्डात किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात रात्रपाळी केलेला माणूस त्या वेळी झोपायला घरी चाललेला असतो.

हे पुस्तक अशा घरांसाठी आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या काही डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि आशाताईंनी, रोजच्या ओपीडीत आणि गृहभेटींत जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते एकदाचं लिहून काढलं आहे. मी डॉक्टर नाही. वर्तमानपत्रासाठी आरोग्याच्या बातम्या लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हा औषधांचं त्यांनी सांगावं. हे आजार इथे असेच का होतात, आणि होऊ न देणं नेमकं कुठे अडतं, एवढ्यापुरतंच मी बोलतो.

आजार होणं आणि आजार अंगावर शेकणं यांत अंतर असतं. डेंगीचा ताप बहुतेकांचा आठवड्यात निघतो. थोड्यांची तब्येत मात्र ताप उतरल्यावर ढासळते. साखर वाढली म्हणून कुणी त्याच दिवशी आडवं होत नाही. दहा-पंधरा वर्षांनी डोळे, मूत्रपिंडं, पाय एकेक करून सूड उगवतात. बीपी वर्षानुवर्षं मुकाट असतं आणि एके सकाळी लकवा मारतो. आजार टाळणं दर वेळी माणसाच्या हातात नसतं. नळ कधी यावेत, शेतात सावली असावी की नाही, हे तो ठरवत नाही. त्यानंतरचं नुकसान टाळायला मात्र बहुतेक वेळा हाताशी दिवस असतात, कधी वर्षं असतात, आणि आपल्याकडे ती निघून जातात. कारण अडाणीपणा हे नव्हे. ‘कपाशी वेचून होऊ दे’, ‘आखाजी होऊन जाऊ दे’, ‘पोरीचं लगीन उरकू दे’ ही कारणं असतात, आणि ज्याचं पोट रोजंदारीवर आहे त्याची ती खरीच असतात. या पुस्तकाचं मला आवडलेलं वैशिष्ट्य असं की ते या कारणांवर डोळे वटारत नाही. कपाशी, आखाजी आणि लगीन धरूनच पुढे काय करता येईल ते सांगतं.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण खान्देशातल्या निम्म्या दुखण्यांचा माग काढत गेलं की शेवटी पाण्याचं भांडं लागतं.

जुन्या माणसांना नारू आठवत असेल. पायावर फोड यायचा, तो फुटून दोऱ्यासारखा हातभर जंत बाहेर डोकवायचा, आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढायचा. मध्येच तुटला तर पाय सडायची वेळ. नारूवर औषध नव्हतं, आजही नाही. लसही नाही. तरी तो गेला. पायऱ्यांच्या विहिरीत रोग्याने पाय बुडवला की जंताची पिल्लं पाण्यात उतरत, तिथल्या बारीक पाणकिड्यांच्या पोटात जात, आणि ते पाणी न गाळता प्यायलेल्याच्या अंगात वर्षभर वाढत. ही साखळी तोडायला लुगड्याचं दुहेरी फडकं पुरलं. सोबत पायविहिरी बंद करून त्यांवर रहाट बसवले, हातपंप आले, विहिरींत औषध टाकलं गेलं. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा नारू असलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. आज तिशीतल्या डॉक्टरने नारू पाहिलेला नसतो. रोगप्रतिबंध म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी लशीच्या आधी या फडक्याचं नाव घेतो.

आता उलटी गोष्ट. धुळ्याला नकाणे, डेडरगाव, तापी अशी ठिकठिकाणची नावं पाण्याच्या संदर्भात तोंडपाठ आहेत, जळगावला वाघूर आहे, तरी रोज नळ येणं ही दोन्ही शहरांत फार वर्षं चैनच राहिली. एक दिवसाआड, तीन दिवसांनी, उन्हाळ्यात कधी आठवड्याने. मग प्रत्येक घरात हौद, टिपाडं, रांजण, गच्चीवर प्लास्टिकची टाकी आणि मोरीत झाकण हरवलेला ड्रम. डेंगीचा डास गटारात वाढत नाही. त्याला असंच घरातलं स्वच्छ, न हलणारं पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे नळाच्या दोन-तीन पाळ्यांत डासाची एक पिढी तयार होते. ज्या शहरात रोज पाणी येतं तिथला माणूस साठवणार कशाला? तेव्हा ‘नागरिकांनी कोरडा दिवस पाळावा’ असं पत्रक काढणाऱ्यांनी आधी नळाचं वेळापत्रक पाळावं, असं मला प्रत्येक पावसाळ्यात वाटत आलं आहे.

पण नळ रोज येईपर्यंत थांबून चालत नाही. भांडं नुसतं रिकामं करून उपयोग नसतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवून. ती कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून घासणं महत्त्वाचं, काथ्याने किंवा ब्रशने, काठापर्यंत. सगळी भांडी एका दिवशी रिकामी करणं शक्य नसतं हे मान्य. नळ यायच्या आदल्या संध्याकाळी पाळीपाळीने एक-दोन घासली तरी महिन्यात सगळी होतात. हौदात गप्पी मासे सोडावेत. आणि कूलर! खान्देशात कूलर नसलेलं घर विरळा. मृग लागला की तो बंद होतो, पण खिडकीतून उतरत नाही. तळाशी चार बोटं पाणी घेऊन तसाच पोळ्यापर्यंत बसून असतो. घरात डेंगी निघाला की लोक पालिकेकडे फवारणीची मागणी करतात आणि फवारणीवाला कूलरखालून वाकून पुढे जातो.

ताप आल्यावर काय, याचं एक प्रकरण पुस्तकात आहे आणि ते घरातल्या प्रत्येकाने वाचावं. आपल्याकडे सगळं लक्ष ‘पेशी’ किती यावर असतं. रिपोर्टमधला आकडा घटला की पपईच्या पानांचा रस निघतो, आणि केळीच्या जिल्ह्यातले पाहुणे रोग्यासाठी किवी घेऊन येतात. डॉक्टरांचं लक्ष मात्र वेगळीकडे असतं. ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच वेळी काहींच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब खाली येऊ लागतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, रोगी चिडचिडा किंवा गळून गेलेला : यांतलं काहीही दिसलं तर पेशींचा आकडा काहीही असो, दवाखाना गाठायचा. तापावर पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी मेडिकलवाल्याकडून परस्पर घ्यायची नाही. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन रक्तस्राव वाढवतात. ‘ताकदीचं सलाईन लावा’ हा आग्रहही धरू नये. डेंगीत पाणी कमी पडणं जितकं वाईट, तितकंच जास्त चढवणंही.

उन्हाबद्दल खान्देशी माणसाला शिकवणं म्हणजे तसं धाडसच. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसाच्या पुढे गेला तर इथे बातमी होत नाही, गप्पा होतात. डोक्याला रुमाल, खिशात कांदा, घरी कैरीचं पन्हं, ही आपली परंपरागत तयारी. मात्र ज्या घरांनी ती परंपरा पोसली ती घरं आता उरली नाहीत. मातीची जाड धाबी गेली, त्यांच्या जागी पत्रे आणि स्लॅब आले. धाब्याचं घर दुपारी थंड आणि रात्री झोपण्याजोगं असे. पत्रा दुपारभर तापतो, स्लॅब दुपारी घेतलेली आग रात्री परत करतो. उष्माघाताने दगावणारे सगळेच शेतात पडत नाहीत. म्हातारी माणसं घरातच, खाटेवर, रात्री जातात. अहमदाबादने २०१० च्या भीषण मे महिन्यानंतर २०१३ मध्ये शहराचा उष्मा कृती आराखडा केला. छतांना पांढरा रंग देण्यासारख्या स्वस्त गोष्टीही तिथे करून पाहिल्या गेल्या. २०२४ च्या मे महिन्यात जळगावच्या प्रशासनाने दुपारी मजुरांकडून काम करून घेण्यावर निर्बंध घालणारा आदेश काढला. आदेश योग्यच, पण दुपारची बुडालेली मजुरी कुणी द्यायची हा प्रश्न आदेशात मावत नाही. पहाटे पाच ते दहा काम आणि पूर्ण मजुरी अशी बोली जिथे शेतमालक आणि मजूर आपसात करतात, तिथे आदेशाची गरज पडत नाही.

पूर्वहंगामी कपाशीची लावण नेमकी मेच्या अखेरीस येते. निंदणी-खुरपणीला आणि लावणीला बहुतांशी बाया असतात, आणि त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. तहान नसते म्हणून नव्हे. उघड्या रानात आडोसा नसतो म्हणून. त्यातून लघवीची जळजळ, वारंवार होणारा संसर्ग, मुतखडा. पुरुष डॉक्टरांच्या भाषणात ही गोष्ट क्वचित येते. या पुस्तकात ती आशाताईंनी लिहिली आहे आणि शेताच्या बांधावर चार बांबू आणि जुनी साडी लावून आडोसा करा असा साधा उपायही दिला आहे. मला वाटतं, साऱ्या पुस्तकातली सर्वांत कामाची ओळ तीच.

ऊन लागणं आणि उष्माघात यांतली सीमारेषा मात्र पाठ करून ठेवावी. थकवा, चक्कर, पोटऱ्यांत गोळे, भरपूर घाम, इथवर सावली, पाणी आणि जलसंजीवनीने भागतं. माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं की मामला दुसरा. घाम असो वा नसो, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, काखेत-जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवायची, आणि हे सगळं गाडीत घालायच्या आधीच सुरू करायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी इथे काम करत नाही. जलसंजीवनीचं पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीने माणसं पटापट मरत होती आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्याचं असंच मिश्रण पिंपातून वाटलं आणि मृत्यू आटोक्यात आणले. दुकानात मिळणारी गोडमिट्ट रंगीत पेयं ही त्याची जागा घेत नाहीत.

जेवणाकडे येतो. खान्देशी जेवणाची बदनामी मला आवडत नाही. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, हिरव्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात यांत आहारतज्ज्ञाला नाव ठेवायला जागा नाही. उन्हाळी वाळवण घातलं की मात्र मीठ आणि पापडखार मुकाट्याने डब्यांत शिरतो : पापड, बिबडी, कुरडया, आणि वर्षभर ताटात डावीकडे ठेचा, लोणचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात भाजीतलं मीठही आलं. शेवभाजी सणावारी, पाहुणा आला की, अशी होती. ढाब्यांनी ती रोजची केली. बीपीची गोळी घेणाऱ्याने तर्री आणि पापड यांतलं एक काहीतरी सोडावं, इतकाच माझा तह आहे.

तेलातुपाचा विषय निघाला तर अमळनेरचं नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. आज संगणकासाठी जगाला ठाऊक असलेली विप्रो १९४५ मध्ये अमळनेरला ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने वनस्पती तूप करायला निघाली होती. खान्देशातल्या शेंगदाण्याला गिऱ्हाईक मिळालं, गावाला रोजगार मिळाला. द्रव तेल घट्ट करताना तयार होणारं ट्रान्स फॅट हृदयाच्या रक्तवाहिन्यांना बाधतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचे ठोस पुरावे १९९० पासून पुढे आले. भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आली. कारखान्यातला डबा त्यामुळे बराच सुधारला. हातगाडीवरच्या कढईत सकाळपासून उकळून काळं पडलेलं तेल कोणत्याही नियमात बसत नाही, ते गिऱ्हाइकानेच ओळखायचं.

मधुमेहाचं तर इथे वेगळंच कोडं आहे. काटक, कष्टाळू, पोट न सुटलेल्या शेतकऱ्याला साखर निघते आणि तो चक्रावतो : ‘मी कुठे लठ्ठ आहे?’ पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच कोड्यावर आयुष्य वेचलं. भारतीय बाळ वजनाने कमी असूनही त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, दिसायला बारीक माणूस आतून स्थूल असू शकतो, हे त्यांनी दाखवलं. गर्भारपणी आईचं पोषण हा त्या संशोधनाचा गाभा. याचा अर्थ, आपल्या नातवाचा मधुमेह टाळायचा तर आज सुनेच्या ताटाकडे बघावं लागतं.

आता पाय. या विषयावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

चैत्रात खान्देशातून हजारो माणसं वणीच्या गडाला, सप्तशृंगीला पायी निघतात. धुळ्याहून मालेगावकडे जाणारा महामार्ग भगव्या झेंड्यांनी भरून जातो. अनेकांचा नवस असतो, त्यामुळे पायांत काही नसतं. हवेचं तापमान बेचाळीस असताना डांबर साठीच्याही पुढे जातं. ज्याचे पाय शाबूत आहेत तो चटका लागताच कडेच्या मातीवर उतरतो. ज्याला दहा वर्षांची साखर आहे त्याच्या तळव्यांच्या नसा बधिर झालेल्या असतात. त्याला चटका लागतच नाही, आणि देवीने बळ दिलं असं त्याला वाटतं. शिरपूरकडच्या एका नानांना गडावरून परतल्यावर दोन दिवसांनी सुनेने विचारलं, ‘नाना, चादरीवर हे रक्त कसलं?’ तेव्हा तळव्याचं कातडं सोललेलं कळलं. त्यांनी हळद-तेल लावलं, मग गावातल्या ओळखीच्या माणसाने दिलेला लेप, मग कोमट पाण्यात पाय शेकणं. कोमट म्हणजे किती, हे त्या पायांना सांगता येत नव्हतं. तालुक्याला पोचेपर्यंत करंगळी काळी पडली होती. करंगळी गेली, पाय वाचला, आणि नाना स्वतःला नशीबवान म्हणतात. तसे ते आहेतच. याच वाटेने गुडघ्याखालचा पाय गमावलेले मी पाहिले आहेत.

नवस सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. निघायच्या आधी घरच्या घरी एक परीक्षा करता येते. माणसाने डोळे मिटून पाय लांब करून बसायचं. दुसऱ्याने बोटाच्या टोकाने, न दाबता, क्षण-दोन क्षण, एकेका पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना स्पर्श करायचा आणि ‘कळलं का’ विचारायचं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही तर ते पाय अनवाणी चालायचे नाहीत, मग देवी असो वा शेत. परदेशात या परीक्षेला शास्त्रीय मान्यता आहे आणि तिला पैसा लागत नाही. अशा माणसाने मऊ रबराची, मागे पट्टा असलेली एमसीआर चप्पल वापरावी, बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा पाहावा, रोज रात्री आरसा धरून तळवा पाहावा, भोवरी ब्लेडने कापू नये. देवीपुढे चप्पल बाहेर काढतातच. रस्त्यावर ती असली म्हणून गडावरची माउली रागावणार नाही, असं एका पुजाऱ्यानेच मला सांगितलं. आरोग्य खात्याच्या सगळ्या फलकांपेक्षा हे वाक्य वाटेवरच्या विसाव्यांवर लिहून लावलं तर जास्त पाय वाचतील.

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा, यावल, रावेर, शिरपूर तालुक्यांतल्या आणि पश्चिमेला साक्रीकडच्या आदिवासी पाड्यांवर प्रश्न वेगळा आहे. भिल्ल, पावरा, तडवी आणि इतर समाजांत सिकलसेल आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य कळा येतात. पुष्कळदा त्याला ‘वात’ म्हणून शेकलं जातं. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट. कार्डं वाटली जात आहेत. माझी धास्ती कार्डाच्या वापराबद्दल आहे. सोयरीक जुळवताना मुलीचं कार्ड मागणारे मुलाची तपासणी करायला तयार नसतात. नुसता वाहक म्हणजे रोगी नव्हे, आणि दोघांपैकी एकच वाहक असेल व दुसऱ्यात हा दोष मुळीच नसेल तर मूल आजारी होत नाही, हे भोंगऱ्याच्या बाजारात ढोल वाजवून सांगायला हवं.

ज्या मुलाला हा आजार आहेच, त्याच्या बाबतीत पाणी, थंडी आणि ताप या तीन गोष्टी सांभाळल्या तर बराच त्रास टळतो. अंगातलं पाणी कमी होणं, गारठा, अतिश्रम यांनी कळा सुरू होतात. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या रोज घेतल्या तर कळांच्या वेळा कमी होतात. अडचण अशी की दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि गोळ्या गावच्या केंद्रात राहतात. निघताना तीन-चार महिन्यांच्या गोळ्या बांधून देणं हा अवघड निर्णय नाही. तो कुणीतरी घ्यायला हवा.

इतर प्रकरणांबद्दल थोडक्यात. शेतीपंपाची वीज रात्रपाळीने येते तोवर शेतकरी रात्री बारे द्यायला जाणार आणि साप चावणार; बॅटरी, गमबूट आणि हातात काठी, आणि चावलाच तर चिरा-बांधाबांध-भगत यांत अर्धा तास न घालवता ग्रामीण रुग्णालय. कपाशीवर दोन-तीन औषधं एकत्र करून वाऱ्यासमोर तोंड करून फवारणाऱ्यांनी २०१७ ची यवतमाळची विषबाधा आठवावी. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, तो कुठे मिळतो हे मी सांगायची गरज नाही. तोंड पूर्ण उघडत नसेल, तीन बोटं उभी आत जात नसतील, तर दाखवून घ्यावं. जिनिंगमध्ये आणि धुळ्याच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्याचा दोन आठवड्यांहून जुना खोकला ‘कापसाच्या धुळीचा’ म्हणून सोडून देऊ नये, थुंकी तपासावी.

सोयी नाहीत ही तक्रार मी स्वतः वर्षानुवर्षं छापली. आता चित्र थोडं बदललं आहे. धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून आहे, जळगावला २०१८ पासून. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर उपकेंद्रावर फुकट तपासून मिळते. रांग असते, कधी पट्ट्या संपलेल्या असतात, कधी सिस्टर लसीकरणाला गेलेली असते. तरीही जावं. लकव्याची लक्षणं दिसल्यावर, म्हणजे तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, साडेचार तासांच्या आत योग्य दवाखान्यात पोचणाऱ्याला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळू शकतं; रावेरहून किंवा शिरपूरहून निघणाऱ्याने लकव्याच्या औषधासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचा रस्ता धरला तर ते तास वाटेतच संपतात.

जिभाऊ, आप्पा, अक्का, माय, ज्या कुणाच्या हातात हे पुस्तक पडेल त्यांना एकच विनंती. ते कपाटात ठेवू नका. मोरीजवळच्या कोनाड्यात, हळद-तिखटाच्या डब्यांशेजारी, जिथे घरातल्या बायांचा हात पोचतो तिथे ठेवा. आणि यंदाच्या आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतील, झोके बांधले जातील, आमरसाची पातेली भरतील, तेव्हा सगळे एकत्र असताना एक सकाळ काढून तिशीपुढच्या साऱ्यांनी उपकेंद्रावर जाऊन बीपी आणि साखर बघून घ्या. रस त्यानंतर वाढा.